स्वेच्छेने सोडलेली जागा

एक

नीलकंठ घाटबांधे यांना जाऊन सव्वा महिना झाला, तेव्हा त्यांचे आभार मानणारा निरोप आला.

फोन त्यांच्या मुलीकडे, क्षमाकडे होता. पेन्शनची आणि बँकेची कामं अजून त्याच नंबरावरून चालत, म्हणून ती तो चार्ज करून ठेवायची. चौबे कॉलोनीतल्या घरात ती पोळ्या लाटत होती. फोन ओट्यावर थरथरला. पीठ लागलेल्या बोटानेच तिने तो उघडला.

‘प्रिय नीलकंठ, स्वेच्छेने आपली जागा सोडून सहकार्य केल्याबद्दल अंबररेखा एअर आपली आभारी आहे. आपलं दहा हजार रुपयांचं व्हाउचर पंधरा दिवसांत संपत आहे. पुढचा प्रवास आजच ठरवा.’

खाली तारीख होती. ती तारीख क्षमाला विसरणं शक्य नव्हतं. त्या दिवशी दुपारी एकला हैदराबादच्या इस्पितळातून फोन आला होता: तुमच्यासाठी किडनी मिळाली आहे, रात्री नऊच्या आत पोचा, नाही तर यादीतल्या पुढच्या माणसाला देऊ. दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खाटेवर पडणाऱ्या माणसाला आलेला फोन. दोन वाजून दहा मिनिटांनी तिकीट काढलं. संध्याकाळच्या विमानाने नीलकंठ निघाले आणि आठच्या सुमाराला टॅक्सीने घरी परत आले.

“जागा नव्हती, बेटा. विमान भरलं होतं. राहू दे आता,” एवढंच म्हणाले.

किडनी पुढच्याला गेली. एकोणिसाव्या दिवशी डायलिसिस चालू असतानाच नीलकंठ गेले.

जागा नव्हती, असं बाप म्हणाला. जागा सोडली, असं कंपनी म्हणत होती. तव्यावरची पोळी करपेपर्यंत क्षमा तशीच उभी राहिली.

दोन

दोन घरं सोडून शारदा मोटघरे राहत. रेल्वेत एकतीस वर्षं. पहिली सोळा आरक्षणाच्या खिडकीवर, उरलेली दक्षता विभागात, म्हणजे खिडकीवरच्याच माणसांची चोरी पकडण्यात. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण समोरच्या माणसाचं बोलणं संपल्यावरही त्याच्याकडे दोन क्षण बघत राहायची सवय गेली नव्हती. त्या दोन क्षणांत पुष्कळ लोक आणखी काहीतरी बोलून जात.

त्यांनी निरोप वाचला, चष्मा काढला.

“तुले काय पाहिजे क्षमा? पैसे?”

“नाही काकू. बाबा माह्याशी खोटं बोलले का, तेवढं पाहून द्या मले.”

“काहून बोलतीन ते खोटं?”

क्षमाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“अनिमेषनं त्याहिले एअरपोर्टवर सोडलं होतं. गाडीत म्हणे तो, ‘पापा, इस उमर में इतना बड़ा ऑपरेशन. एक बार सोच लो.’ त्यानंच सांगितलं मले, तेराव्याच्या दिवशी. तवापासून मी भावाशी बोलली नाही. आता हा मेसेज पाहून वाटून राहिलं, बाबांनी खरंच सोचलं. अन् माह्यासाठी म्हणून म्हटलं, जागा नव्हती.”

शारदाबाईंनी दोन क्षण वाट पाहिली.

“त्याहिले जगायचं नव्हतं का काकू?”

आता या प्रश्नाला खिडकी नव्हती आणि फॉर्मही नव्हता. शारदाबाईंनी दुसरंच विचारलं. “त्या दिवशीचे कपडे धुतले?”

“शर्ट तसाच आहे. ठेवला मी.”

शर्टाच्या खिशात एक कार्ड निघालं. ‘प्रताप चंद्राकर, धान मिलचे सुटे भाग, अभनपुर.’ क्षमाने असं नाव कधी ऐकलं नव्हतं.

“विकली का जागा, या माणसाले?” ती हळूच म्हणाली.

तीन

शहराबाहेर माना इथल्या विमानतळावर अंबररेखाची खोली लहान होती आणि फार थंड होती. तिथले ड्यूटी मॅनेजर विराज नागपूरचे, तिशीतले, इस्त्रीची घडी मोडू नये अशा बेताने बसणारे. शारदाबाईंनी मराठीत सुरुवात केल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

“आपल्याच माणसांना म्हणून सांगतो मॅडम. विमानात जागा एकशे ऐंशी. आम्ही विकतो एकशे त्र्याऐंशी, कधी चौऱ्याऐंशी. काही लोक येतच नाहीत. रोजचा हिशेब असतो, मुख्य ऑफिसचं यंत्र करतं.”

“आणि सगळे आले तर?”

“तर नियम आहे. आधी विचारायचं, कोणी खुशीने थांबतं का. त्याला व्हाउचर, दुसऱ्या दिवशीचं विमान. कोणीच तयार नसेल तर मात्र एखाद्याला नकार द्यावा लागतो. मग भरपाईही वेगळी आणि वरून विचारणाही होते. पण आमच्या स्टेशनवर ती वेळ येत नाही.”

त्यांनी मान वळवून भिंत दाखवली. चौकटीत प्रशस्तिपत्र होतं. सलग दोन तिमाही. प्रवासी नकार: शून्य. उशीर: शून्य.

आरक्षणाच्या खिडकीवर सोळा वर्षं काढलेल्या बाईला शून्य हा आकडा कधीच आवडला नव्हता. माणसं जिथे येतात-जातात तिथे दोन असतात, पाच असतात. शून्य कोणीतरी बसून तयार करतं.

“घाटबांधे काका स्वतः काउंटरवर आले,” विराज म्हणाले. “पाच वाजून दहा मिनिटांनी. फार शांत होते. म्हणाले, मी थांबतो. सही आहे त्यांची. बघा ना, फोटो काढा हवं तर. मुलीची समजूत पटेल.”

फॉर्म पानभर होता. नाव, तिकीट नंबर. ‘मी स्वेच्छेने...’ पुढे छापील ओळी. रकमेच्या चौकटीत दहा हजार. वेळेच्या चौकटीत १७.१०. दोन्ही निळ्या शाईत, गोल बायकी अक्षरात. तळाशी काळ्या शाईत नीलकंठांची सही, टोकदार, उजवीकडे चढत गेलेली. सही खरी होती. तिच्याबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती.

शारदाबाईंनी फोटो काढला. काढताना बोट थांबलं.

सहीच्या शेजारी, तितक्याच काळ्या शाईत, चार बारीक आकडे होते. १६/३७.

“हे काय आहे?”

विराजने वाकून पाहिलं. “काय माहीत. बॅगेचा नंबर वगैरे असेल.”

“बॅग होती त्यांच्याजवळ?”

“नाही. पिशवी होती फक्त, हातातली.”

शारदाबाईंनी फोन पर्समध्ये ठेवला. नीलकंठ घाटबांधे चौतीस वर्षं रेल्वेत गार्ड होते, हे विराजला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही सांगितलं नाही.

पाच

(चौथं प्रकरण नीलकंठांचं आहे. त्याची जागा आधीच ठरली होती, पण पाचवं पुढे बसवलं आहे. चौथ्याने थोडं थांबावं.)

अभनपुरच्या बाजारात प्रताप चंद्राकरच्या दुकानात पट्टे, चाळण्या आणि बेअरिंगांचा ग्रीसचा वास होता. माणूस अघळपघळ. शारदाबाईंना खुर्ची देऊन स्वतः तेलाच्या डब्यावर बसला.

“हव, याद है अंकल। बगल में बैठे थे गेट पे। प्लास्टिक की फाइल सीने से लगाके, जैसे कोई छीन लेगा।”

“आपने उनसे सीट ली?”

प्रताप हसला, मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. “मेरी तो दो महीने पुरानी टिकट थी दीदी। मैं काहे लूँगा? उल्टा मैं तो छोड़ने वाला था।”

त्याने सगळं रंगवून सांगितलं. गेटवर घोषणा झाली: दोन प्रवाशांनी जागा सोडली तर प्रत्येकी चार हजारांचं व्हाउचर. कोणी हललं नाही. मग सात. मग दहा. प्रतापला हा लिलाव फार आवडला होता. प्रत्येक आकड्याला तो बायकोला, राधिकाला, बोलून निरोप पाठवत होता. फोनवर ते निरोप अजून होते. शारदाबाईंनी एकेक ऐकला आणि वेळ पाहिली. ‘चार बोल रहे हैं, हँसी आ रही है’, सोळा सेहेचाळीस. ‘सात हो गया’, सोळा पंचावन्न. ‘राधिका, दस! उतर जाऊँ क्या?’, सतरा दोन.

“और अंकल क्या कर रहे थे?”

“खुश हो रहे थे,” प्रताप म्हणाला. “मैंने पूछा, आप छोड़ोगे? बोले, मेरा तो नंबर लगा है, लोग उतरेंगे तो ऊपर के नाम खिसकेंगे। मुझको समझ नहीं आया। प्लेन में काहे का नंबर? पर बड़े आदमी थे, मैंने बहस नहीं की। कार्ड दे दिया, कि हैदराबाद में मेरा साला है, कुछ काम पड़े तो।”

दहा हजारांवर एक कॉलेजची पोरगी लगेच उठली. राहिली एक जागा. राधिकाचा होकार यायला आठ मिनिटं लागली. मग प्रताप उठला आणि गेटच्या टेबलाशी गेला.

“कितने बजे?”

“पाँच-दस। मैंने बोला, मैं रुक जाता हूँ, लिख लो। लड़की ने साहब को देखा। साहब ने पूछा, सामान? मैंने बोला, दो पेटी, नीचे चली गई। साहब ने मुंडी हिला दी। बोले, ज़रूरत नहीं, हो गया।”

डब्यावरून उठत तो म्हणाला, “अंकल पहुँच गए थे ना, दीदी?”

शारदाबाई पर्स घेऊन उठल्या. एक जागा कमी होती, एक माणूस ती द्यायला स्वतःच्या पायाने टेबलाशी आला होता, आणि त्याला परत पाठवलं होतं. कशासाठी?

सहा

गोल बायकी अक्षर त्या दिवशी काउंटरवर असलेल्या पिंकी साहूचं होतं. ती आता अंबररेखात नव्हती. त्या दिवसानंतर तीन आठवड्यांनी तिने नोकरी सोडली होती आणि समता कॉलोनीत एका दातांच्या दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बसत होती. शारदाबाई नंबर लावून तिच्यासमोर बसल्या. खुर्च्यांवर दोन-तीन गाल सुजलेली माणसं होती.

“कौन सा दाँत, आंटी?”

शारदाबाईंनी फोनमधला फॉर्म समोर धरला.

पिंकीने पाहिलं आणि पेनाचं टोपण लावलं. बराच वेळ ते नीट बसत नव्हतं.

“अंकल कैसे हैं?” तिने विचारलं.

एकतीस वर्षांत शारदाबाईंनी पुष्कळ लोकांना कोंडीत पकडलं होतं. गुन्हेगारच आधी चौकशी करतो, असं मात्र कधी झालं नव्हतं. त्यांनी सांगून टाकलं.

पिंकी रडली नाही. ती उठली, आतल्या दाराने गेली, नळ वाहण्याचा आवाज आला, आणि ती परत येऊन बसली. चेहरा ओला होता. पुढचं नाव तिने पुकारलं नाही.

“मैंने सर को बताया था,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “अंकल को अस्पताल जाना है, पेपर दिखाए हैं मेरे को। सर बोले, सबको कहीं ना कहीं जाना है।”

“सही कब ली?”

“काउंटर पर ही। सबसे आख़िर में आए थे ना, साढ़े चार के आसपास, तो सीट नंबर नहीं था देने को।”

“अन् फॉर्म भरलेला होता का तेव्हा?”

पिंकीला मराठी कळत होतं. तिने मान हलवली. नाही.

“सर का तरीका था। जिसको सीट नहीं मिली, उससे पहले ही साइन ले लो, कोरे पे। बोलो कि लिस्ट में नाम डाल रहे हैं। सीट मिल गई तो फाड़ दो। नहीं मिली तो बाद में भर दो।” ती थांबली. “ज़्यादातर फट जाता था आंटी। सच में। ज़्यादातर फट जाता था।”

“लोग कोरे पे साइन कर देते थे?”

“लड़ते थे पहले। पूछते थे ये क्या है। अंकल ने नहीं पूछा। उल्टा बोले, हाँ बेटा, लिस्ट में ऊपर डालना, और घड़ी देखके साइन किए।”

सात

विराजने उत्तरं दिली नाहीत. म्हणून इथे फक्त शारदाबाईंचे प्रश्न आहेत.

पाच-दहाला काका स्वतः तुमच्याकडे आले म्हणता. मग पाच-पंधराला त्यांच्या फोनवरून हैदराबादच्या इस्पितळात कसा फोन लागला? तिथल्या समन्वयक बाईंशी माझं बोलणं झालं आहे. त्यांच्या वहीत लिहिलेलं आहे: पेशंट म्हणतो, नंबर लागला आहे, दहा मिनिटांत बसतो. जागा सोडलेला माणूस असं म्हणतो का?

(विराजने एसी कमी केला.)

दहा हजारांची बोली पाच वाजून दोन मिनिटांनी पहिल्यांदा झाली. पहिली बोली, चार हजारांची, चार सेहेचाळीसला. काकांची सही चार सदतीसची आहे. तेव्हा तर तुम्ही कोणाला विचारलंही नव्हतं. कोणत्या बोलीला होकार दिला त्यांनी?

(“चार सदतीस कुठे लिहिलंय?” असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं असावं. मिटलं.)

गार्डची सही तुम्ही कधी पाहिली आहे? गाडी सुटली की वेळ, थांबली की वेळ, सिग्नल मिळाला की वेळ. तास, मध्ये तिरकी रेघ, मिनिटं. चौतीस वर्षं. असा माणूस वेळ घातल्याशिवाय सही करूच शकत नाही, हे तुम्हाला कोण सांगणार होतं?

(बाहेर कोणत्यातरी विमानाची घोषणा झाली.)

प्रताप चंद्राकरच्या दोन पेट्या विमानाच्या पोटात गेल्या होत्या. तो थांबला असता तर त्या शोधून काढाव्या लागल्या असत्या. किती वेळ लागतो त्याला? पंधरा मिनिटं? वीस? आणि काकांजवळ हातातली पिशवी होती. ते मागे राहिले तर काहीच काढावं लागत नाही. बरोबर?

(विराजने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिलं नाही. पाहू नये म्हणून ते खिडकीकडे पाहत होते.)

म्हणजे नकार शून्य हवा म्हणून कोरी सही. आणि उशीर शून्य हवा म्हणून, जागा देणारा माणूस समोर उभा असताना, ती कोरी सही भरली. असंच ना?

यावर मात्र विराज बोलले. आवाज चढला नाही.

“मॅडम, तुम्ही कुठेही तक्रार करा. पण सही त्यांचीच आहे.”

चार

(आता जागा झाली आहे.)

शारदाबाईंनी क्षमाला हे तिच्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं, आणि घाईत सांगितलं नाही.

चार पंचवीसला अनिमेषची गाडी वळून गेली. नीलकंठ फाइल छातीशी धरून आत शिरले. डायलिसिस सेंटरमधून कागद मिळायला उशीर झाला होता, त्यामुळे काउंटरवर ते शेवटचे. मुलीने यंत्रात पाहिलं. दुपारी दोन-दहाला कंपनीने त्यांना जे तिकीट विकलं, ते विकतानाच विमान भरलेलं होतं. चौपट पैसे देऊन त्यांनी विकत घेतलेली जागा जगात कुठेच नव्हती.

“त्याहिले हे माहीत होतं?”

“नाही. विमानात वेटिंग नसते बाई. सगळ्याईच्या तिकिटावर पक्कंच लिहिलेलं असते. आपल्या गाडीत कसं, तुमचा नंबर बावीस आहे हे तोंडावर सांगतात. इथे कोणी सांगत नाही.”

मुलीने पास दिला. सीट नंबराच्या जागी काही नव्हतं. म्हणाली, लिस्टमध्ये नाव घालते, इथे सही करा.

आणि इथे, शारदाबाई म्हणाल्या, दुसरा कोणीही असता तर भांडला असता. व्यापारी, वकील, कॉलेजचा पोट्टा, कोणीही. कागद वाचला असता, कोरा काहून म्हणून विचारलं असतं. पण समोर रेल्वेचा माणूस होता. लिस्ट हा शब्द ऐकल्यावर त्याच्या मनात एकच चित्र आलं. चार्ट निघतो, लोक गळतात, नावं वर सरकतात, ज्याचा नंबर लागलेला आहे तो गपचूप बसतो आणि त्याला बोलावतात. ज्याने गडबड केली त्याचं काम बिघडतं. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना हेच समजावलं असेल. त्यांनी घड्याळ पाहिलं, सही केली, वेळ घातली.

“मी असती तरी केली असती,” शारदाबाई म्हणाल्या. “सोळा वर्षं मी त्या खिडकीच्या आतून बोलली, ‘नाव टाकते, बसा.’ मी तं नक्कीच केली असती.”

क्षमा शेगडीकडे तोंड करून उभी होती.

“मंग ते गेटवर बसले. बोली लागली. त्याहिले वाटलं, लोक उतरून राहिले, आता आपलं नाव येते. खुश होते, प्रताप सांगे. पाच-दहाला प्रताप उठला. त्यानं दिलेली जागा तुह्या बाबाची होती. पण बाबाची सही आधीच फाइलमध्ये पडली होती. त्या सहीनं प्रतापले परत पाठवलं. पंचवीसला गेट बंद झालं.”

“सही नसती केली तर?”

शारदाबाईंनी हे वाक्य गिळता येईल का, याचा खरंच विचार केला होता. अभनपुरहून येताना बसमध्ये पूर्ण वेळ केला होता. पण पोरीने खोटं पकडायलाच त्यांना बोलावलं होतं.

“तर प्रतापच्या पेट्या काढाव्या लागल्या असत्या. विमान पंधरा मिनिटं उशिरा उडालं असतं. बाबा त्यात असते.”

शेगडीवर दूध वर येत होतं. क्षमाने ते उतू जाऊ दिलं नाही. गॅस बंद केला, झाकण ठेवलं, मग खाली बसली.

“एकोणीस दिवस होते काकू. एकोणीस दिवस एका घरात. मले काहून नाही सांगितलं?”

“काय सांगतीन? घरी आल्यावर फोनवर व्हाउचर आलं असेल, तवा समजलं असेल त्याहिले की आपण कशावर सही केली. कोऱ्या कागदावर. गार्ड माणसानं. तूच सांग, तुले कधी कोऱ्यावर सही करू दिली त्याहिनं?”

क्षमाने मान हलवली. “माह्या प्रगतिपुस्तकावर सही करायचे तरी आधी सगळे मार्क वाचायचे,” ती म्हणाली. “अन् मंग घड्याळ पाहायचे. पोट्ट्या हसायच्या मले शाळेत.”

तिने डोळे पुसले.

“म्हणजे खोटं नाही बोलले.”

“नाही. जागा नव्हती, हेच खरं होतं.”

“अन् जायचं होतं त्याहिले.”

“हव,” शारदाबाई म्हणाल्या. “खूप जायचं होतं.”

आठ

तक्रार दुसऱ्या दिवशी गेली. फॉर्मचा फोटो, प्रतापच्या फोनवरच्या वेळा, इस्पितळाच्या वहीचं पान, पिंकीचा सही केलेला जबाब. ती सही करायच्या आधी पिंकीने चारही पानं दोनदा वाचली. कंपनीकडून आठवडाभरात उत्तर आलं: प्रकरण गांभीर्याने घेतलं आहे, संबंधित अधिकाऱ्याची बदली झाली आहे. कुठे, ते शारदाबाईंनी शोधून काढलं. याहून मोठ्या विमानतळावर. ग्राहक मंचाची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली.

पण क्षमाचं काम मंचाकडे नव्हतं. रविवारी दुपारी ती शारदाबाईंकडे आली आणि म्हणाली, “काकू, तुम्ही बसा फक्त इथं. मी अनिमेषले फोन लावून राहिली.”

तिने फोन स्पीकरवर ठेवला. कदाचित तिला एकटीने ऐकायचं नव्हतं.

“दीदी?” दीड महिन्याने आलेल्या फोनवर तो इतकंच म्हणाला.

तिने सगळं सांगितलं. मराठीत, न थांबता. तो मध्ये बोलला नाही. शेवटी ती म्हणाली, “तू बोलला म्हणून नाही झालं रे. त्याहिनं सोडली नव्हती जागा. तुह्यावर डोकं ठेवून बसली मी, ते चुकलं माह्यं.”

इतकं बोलल्यावर तिचा श्वास मोकळा झाला. शारदाबाईंना तो ऐकू आला. त्यांनी टेबलावरच्या फोनकडे पाहिलं.

“अनिमेष?”

“मैं तो सोचता था पापा ने मेरी बात मान ली,” तो म्हणाला. आवाज सपाट होता. “इतने दिन यही सोचके सो पाता था दीदी। कि उन्होंने ख़ुद तय किया। आराम से गए।”

क्षमाचा हात टेबलावर आला आणि तिथेच राहिला.

“तो वो वहीं बैठे थे? पूरा टाइम?”

“हव.”

“साइन लिया तब तो मैं तेलीबांधा चौक भी नहीं पहुँचा था। बीस मिनट में लौट आता। लड़ लेता उन लोगों से, काउंटर तोड़ देता।” तो थांबला. “मुझे फ़ोन क्यों नहीं किया पापा ने?”

शारदाबाईंना उत्तर ठाऊक होतं. क्षमालाही होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ज्या पोराने गाडीत म्हटलं, एकदा विचार करा, त्याला बाप कसा फोन करणार की मला जायचंय, ये आणि माझ्यासाठी भांड.

“फोन बंद पडला होता त्याहिचा,” क्षमा म्हणाली. “बॅटरी संपली होती. मी पाहिलं घरी आल्यावर.”

“पक्का?”

“पक्कं.”

पाच-पंधराला त्याच फोनवरून हैदराबादला फोन गेला होता. इस्पितळाच्या वहीतल्या त्या पानाची प्रत शारदाबाईंनी स्वतःच्या हाताने तक्रारीला जोडली होती. चार महिन्यांनी मंचात ते पान मोठ्याने वाचलं जाणार होतं, आणि अनिमेष तिथे बसलेला असणार होता.

क्षमाने त्यांच्याकडे पाहिलं. शारदाबाईंनी दोन क्षण वाट पाहिली, तिसरा, चौथाही जाऊ दिला. मग फोनकडे वाकून म्हणाल्या, “हव बेटा. मीही पाहिला. बंदच होता.”